करवतसाहेब

नाव: सेल. वय: अडीच महिने. राहणार: अंबड. तक्रार: लवकर दमतो.

असा केसपेपर असलेल्या पेशंटचा फोटो काढणारी नाशकात मी एकटीच असेन. शालिमारजवळच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर आमच्या डॉक्टरांचं एक्स-रे क्लिनिक होतं आणि नव्वदच्या दशकात मी तिथे टेक्निशियन होते. दुपारी दोन ते चार सगळं सामसूम असायचं. त्या वेळेत पन्नाशीचे एक गृहस्थ रुमालात गुंडाळून टॉर्चचे सेल घेऊन यायचे आणि बाकावर बसून प्रत्येक सेलचा केसपेपर स्वतःच्या हाताने भरायचे. स्त्री की पुरुष हा रकाना तेवढा कोरा ठेवायचे. तो का सोडता असं मी एकदा चेष्टेने विचारलं, तर अगदी गंभीरपणे म्हणाले, की जे नक्की माहीत नाही ते कागदावर लिहू नये. हा धडा ते कुठे शिकले होते ते मला ठाऊक होतं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात ते माल तपासायचे साहेब होते. कारखान्यात सेल बनायचे. सेलच्या काळ्या भुकटीत काम करणाऱ्या सगळ्यांचा वर्षातून एकदा छातीचा फोटो काढायची तिथे पद्धत होती आणि टेम्पो भरून माणसं आमच्याकडे यायची. बायकांच्या नखांत आणि तळहातांच्या रेषांत ती भुकटी इतकी मुरलेली असायची, की आमचा पांढरा टॉवेल दोन तासांत काळा व्हायचा. मी मनातून वैतागायचे आणि दुसरा टॉवेल लावायचे.

त्या रांगेतच साहेब पहिल्यांदा भेटले. शर्ट काढा, गळ्यातलं काढा, खिसे रिकामे करा, असं मी दिवसभर ओरडत असायचे. त्यांनी शर्ट काढला, पण आतल्या बंडीला खिसा आहे हे सांगितलं नाही. फिल्म धुऊन वर काढली तर डाव्या फासळ्यांवर बोटाएवढी पांढरी कांब. माझी फिल्म फुकट गेली म्हणून मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. त्यांचं लक्षच नव्हतं. ती ओली फिल्म दिव्यापुढे धरून ते आपल्या छातीतला तो पेन्सिल सेल बघत राहिले. स्वतःच्या फुप्फुसांबद्दल एक शब्द विचारला नाही.

"सिस्टर, हा सगळा पांढरा का आलाय?"

मी नर्स नव्हते, पण पांढरा कोट घातलेली बाई म्हणजे सिस्टर हे नाशकात तेव्हा ठरलेलंच होतं. मी सांगितलं, की किरण आरपार गेले की फिल्म काळी पडते, अडले की पांढरी राहते. तुमच्या सेलमधून काही गेलं नाही.

"मग थोडे जास्त सोडले तर?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला ते दारात हजर. आमचे डॉक्टर मोकळ्या मनाचे होते आणि कपाटात मुदत संपलेल्या फिल्म पडून होत्या. त्यांनी हसून परवानगी दिली. जाडजूड माणसाच्या कमरेचा आडवा फोटो काढायला द्यावं तेवढं मी त्या सेलला दिलं, आणि सेल उघडला नाही तरी आतलं सगळं दिसलं. मधोमध कार्बनची दांडी, तिच्याभोवती दाबून बसवलेली काळी भुकटी, बाहेर जस्ताची डबी. ती भुकटी हाच सेलचा खरा जीव, असं साहेब म्हणायचे. तिला शास्त्रात कॅथोड म्हणतात हेही त्यांनीच सांगितलं. दांडीभोवती भुकटी दाबली की जे तयार होतं त्याला कारखान्यात नुसतं कांडी म्हणत.

बटण दाबताना श्वास घ्या, रोखा, हलू नका हे माझ्या तोंडातून सवयीने जायचं. सेललाही मी तेच सांगायचे. मग लक्षात आलं, की भिंतीआड माझ्याशेजारी उभे असलेले साहेब गाल फुगवून श्वास रोखून धरतात. सोडा म्हटल्यावर सोडायचे. मला हसू यायचं, त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

कारखान्यातल्या बायका त्यांना मागून करवतसाहेब म्हणायच्या. सेल बिघडला की तो उभा चिरून आत बघायचा हे त्यांचं काम, आणि ते कामापुरतं राहिलं नव्हतं. पिशवीत कागदात गुंडाळलेलं करवतीचं पातं कायम असे. कापून बघूया, हा त्यांचा मंत्र. साबणाची वडी, पंख्याचं रेग्युलेटर, मुलाचा क्रिकेटचा चेंडू, सगळ्याचे दोन भाग झालेले. द्राक्षाच्या हातगाडीवर ते आधी नखाने मणी चिरून बी बघायचे, त्यामुळे आमच्या चौकातला गाडीवाला त्यांना लांबून बघूनच घडांवर ओला फडका टाकायचा. वणीहून आलेला प्रसादाचा पेढा त्यांनी उभा चिरून साखर सारखी मिसळली आहे का ते पाहिलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गुडघ्याच्या फोटोसाठी एकदा त्यांच्या पत्नी आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी नुसती पत्रिका बघितली हो, ते एक बरं झालं."

मी ओळखायला लागले तेव्हाचे साहेब हे असे. पुढे दोन हजार सालानंतर ते रिटायर झाले तेव्हाचे साहेब वेगळे होते. आमच्याकडे कॉम्प्युटरवर फोटो दिसायला लागले होते. ते फुगलेली मोबाइलची बॅटरी घेऊन आले. मी फोटो काढला, पण आतले पदर इतके पातळ, की राखाडी चौकोनापलीकडे काही कळेना. ते निराश झाले नाहीत. कुठल्याशा मासिकातली पानं खिशातून काढून त्यांनी मला वाचून दाखवलं, की आता मोठमोठ्या यंत्रांमधून इतके बारीक आणि प्रखर किरण काढतात, की बॅटरी भरत असताना, उतरत असताना, तिच्या कॅथोडचा एकेक कण कसा फुगतो, कुठे तडकतो ते न उघडता दिसतं. चालू असताना, असं ते दोनदा म्हणाले. त्यांच्या आवाजात हेवा होता, आणि मला त्यांचं फार वाईट वाटलं. तीस वर्षं लवकर जन्माला आलेला माणूस.

मी म्हटलं, तुम्ही तरी कापून बघायचं होतं, तेवढंच समाधान. तर म्हणाले, "नाही सिस्टर. करवत मी सोडली ती सोडली."

ती त्यांनी सोडली त्या दिवशी मी समोर होते.

झालं असं होतं. त्या वर्षी कारखान्याचे सेल लवकर उतरतात म्हणून दुकानांतून माल परत यायला लागला. साहेबांनी परत आलेली एक पेटी उघडली, वीसेक सेल करवतीने उभे चिरले, आणि जवळजवळ सगळ्यांच्या काळ्या भुकटीत आडवा तडा सापडला. मशीनवर दाबलेली कांडी कागदात गुंडाळून हाताने जस्ताच्या डबीत बसवायचं, म्हणजे भरणीचं, काम बायकांचं. प्रत्येक टेबलाचा शिक्का सेलवर असे, आणि त्या पेटीतल्या सगळ्या सेलवर एकाच टेबलाचा शिक्का होता. त्या टेबलावरची बाई पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरून अंबडला राहायला आलेली होती, सहा वर्षं काम करत होती. साहेबांनी रिपोर्ट लिहिला, की कांडी बसवताना हाताचा धसमुसळेपणा होतो, त्याने तडे जातात. बाईला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की साहेबांना फोटोतला तडा ओळखायला शिकायचंय.

त्यासाठी त्यांनी साधा मार्ग काढला. त्याच पेटीतल्या एका न चिरलेल्या सेलचा आधी फोटो काढायचा, मग तो चिरायचा, आणि फोटो शेजारी ठेवून तडा कुठे कसा दिसतो ते बघायचं. मी फोटो काढला. त्यांनी मागच्या पायरीवर बसून सेल चिरला. आत तडा होता, फोटोत नव्हता.

"सिस्टर, तुमचं मशीन आंधळं आहे."

मला राग आला. मनगटातल्या हाडाचा केसाएवढा तडा मी रोज दाखवत होते. मी म्हटलं, तडा एका बाजूने दिसला नाही तर माणसाला कुशीवर वळवतात, तुमच्या सेललाही वळवू. दुसरा सेल घेतला आणि थोडा थोडा फिरवत त्याचे आठ फोटो काढले. एकाही फोटोत तडा नव्हता. त्यांनी सेल चिरला, आत तडा. मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, आणा ती अर्धी फाक इकडे. चिरलेल्या फाकेचा फोटो काढला, आणि त्यात तो तडा इतका ठसठशीत दिसला, की माझ्या मशीनबद्दल कुणाला शंका राहू नये.

मी जिंकले होते आणि त्याच भरात बोलून गेले. "साहेब, पेशंट आला तेव्हा धडधाकट होता. फ्रॅक्चर तुमच्या हातून झालंय."

मला वाटलं ते हसतील. ते बाकावर बसले. तिसरा सेल काढला, मला फोटो काढायला सांगितलं, करवत लावली. तडा. मग पातं कागदात गुंडाळलं आणि ते किती तरी वेळ मांडीवर धरून बसले. पातं भुकटीला हिसका देत होतं, तेवढ्याने ती तडकत होती. वीस वर्षं ते आत काय आहे ते बघत होते, आणि बघण्याच्या नादात आत नसलेलं काही तरी तयार करत होते.

"मी एका बाईला घरी पाठवलंय," ते म्हणाले. मग त्यांनी मला सगळं सांगितलं.

सेल लवकर उतरत होते ही गोष्ट तर खरी होती. आम्ही तिन्ही सेलच्या सगळ्या फोटोंकडे पुन्हा बघितलं. आता तडा शोधायचा नव्हता म्हणून की काय, दुसरंच दिसलं. प्रत्येक कांडीच्या बुडाशी फिल्म जरा जास्त काळी होती. काळं म्हणजे किरण सहज गेले, म्हणजे तिथे भुकटी कमी दाबलेली, भुसभुशीत. दुसऱ्या दिवशी साहेबांनी इतर टेबलांवरचे सेल आणले. त्यांच्याही बुडाशी तेच. दोष टेबलाच्या आधीचा, कांडी दाबणाऱ्या मशीनचा होता. बाईच्या हातात कांडी यायच्या आधीच ती अर्धवट होती.

साहेबांनी पिशवीतून आपली वही काढली आणि बाईच्या चौकशीचं पान शोधलं. ते पान वाचताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मला अजून आठवतं. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. त्यांच्याच बारीक, सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'कांडी बुडाला हलकी लागते असे म्हणते. सबब.'

पुढच्या रविवारी ते मला पेठला येता का म्हणाले. फोटोतलं आपल्याला नीट सांगता येणार नाही, अशी त्यांनी सबब सांगितली. खरं तर एकट्याने जायची हिंमत नव्हती. सीबीएसवरून एसटीने पेठला गेलो, तिथून जीपने, आणि पुढे पायी. घाटात त्यांना उलटी झाली. मी पाणी दिलं. मांडीवरची फिल्मची पाकिटं त्यांनी तेवढ्यातही हातातून सोडली नाहीत.

बाई घरापुढच्या सारवलेल्या अंगणात सुपात नागली पाखडत बसली होती. तिशीतली असेल, अंगाने बारीक. साहेबांना बघून ती उठली नाही आणि हातही थांबवला नाही. तिचं साहजिक होतं. सहा वर्षं अंबडला राहून ती परत आली होती आणि हिने माल फोडला म्हणून हिला काढलं, हे तिच्या आधी पाड्यावर पोचलं होतं. शेतीचं काम संपलं की ती आता द्राक्षबागेत मजुरीला जायची होती.

साहेब उकिडवे बसले, आणि बोलायला आलेलं विसरून तिच्या सुपाकडे बघत राहिले. एका झटक्याला हलकं पुढे सरकत होतं, भरीव दाणा मागे राहत होता. तिचं सुपाकडे लक्षही नव्हतं, हातच निवडत होते. मी हळूच खोकले तेव्हा ते भानावर आले.

त्यांनी फिल्म काढून उन्हाकडे धरली आणि म्हणाले, "तडा तुमच्या हाताने पडला नव्हता. माझ्या करवतीने पडला. मी चुकीचं लिहिलं."

तिने फिल्मकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मी बोटाने बुडाशी असलेला काळा भाग दाखवला आणि इथे पोकळ आहे असं सांगितलं.

"मंग मी काय सांगलं व्हतं?" ती म्हणाली. "बुडाला हलकी येती, मी तवाच बोलली."

"हो. मी लिहून घेतलं होतं."

"काय लिवलं?"

हे त्यांना टाळता आलं असतं. त्यांनी वही उघडली आणि ते वाक्य शेवटच्या शब्दासकट वाचून दाखवलं. तिचं सूप थांबलं.

साहेबांनी डब्यात कापसात ठेवून चार कांड्या आणल्या होत्या, त्या तिच्यापुढे ठेवल्या. तुम्हाला हे कसं कळायचं, ते मला दाखवा, असं म्हणाले. तिने हात पदराला पुसले, एक कांडी उचलली आणि तर्जनीवर आडवी ठेवली. कांडी वरच्या, दांडीचं टोक बाहेर असलेल्या बाजूला कलली. दुसरी ठेवली, तीही कलली. तिसरी मात्र बोटावर स्थिर राहिली. ती म्हणाली, "ही चांगली हाय. दिसभर तेच हातात, तर कळनार नाय का?" त्या चारांतली एक चांगली कांडी साहेबांनी मुद्दाम घातली होती, आणि ती कुठली हे त्यांच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. फोटो काढल्याशिवाय त्यांनाही कळलं नसतं.

त्यांनी वहीतला 'सबब' हा शब्द खोडला आणि वर 'निदान' असं लिहिलं. मग नव्या रिपोर्टचे कागद काढले. त्यात स्वतःची चूक, फोटोंचा तपशील, मशीनचा दोष असं सगळं लिहिलेलं होतं. खाली 'तपासणी करणार' या शब्दांपुढे जिथे वीस वर्षं त्यांची सही असायची तिथे त्यांनी पेन तिच्या हातात दिलं.

"हितं नाव लिवलं तर परत घेतील का?" तिने विचारलं.

"माहीत नाही," साहेब म्हणाले.

मला वाटलं, या माणसाने आज तरी हो म्हणायला हरकत नव्हती. तिने सुपातली नागली टोपलीत ओतली. मग कागद सुपाच्या पाठीवर ठेवून तिने सावकाश सही केली. सही कसली, नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं पूर्ण लिहिलं, ते कागदाच्या कडेपर्यंत गेलं.

मालकांनी तो कागद दीड-दोन महिने तसाच ठेवला. स्वतःची चूक स्वतः लिहून देणारा साहेब आणि तपासणीखाली कामगार बाईची सही, या दोन्ही गोष्टी त्यांना पचण्यासारख्या नव्हत्या. नव्याने भरती करून घेऊ, असं म्हणाले. साहेबांनी जुन्याच नंबरावर घ्या, म्हणजे मागची सहा वर्षं धरली जातील, असा हट्ट धरला. म्हणजे भांडले नाहीत. रोज सकाळी कामावर आले की मालकांच्या केबिनबाहेर पाच मिनिटं नुसते उभे राहायचे आणि मग आपल्या कामाला जायचे. शेवटी मशीनचा झिजलेला भाग बदलला, माल परत यायचा थांबला, आणि केबिनबाहेरच्या त्या उभ्या माणसाचा मालकांना कंटाळा आला असावा.

एवढं मी तुकड्यातुकड्यांनी ऐकत होते. खरं काय झालं ते पुढच्या वर्षी टेम्पो आला तेव्हा कळलं. यादीत तिचं नाव जुन्याच नंबरावर होतं, आणि कामाच्या रकान्यात 'भरणी' खोडून 'तपासणी' केलेलं होतं. ती आत आली तेव्हा मी तिला ओळख दिली. हात तसेच काळे होते. मी विचारलं, आता काय काम करता?

"साहेब रोज सकाळच्याला कांड्या आनून ठेवत्यात माझ्याम्होरं. सांगा म्हनत्यात. मी सांगती चांगली कंची, वाईट कंची. मंग तुमच्याकडं आनत्यात ना फोटोला, माझं बरोबर हाय का बघाया."

म्हणजे इतके महिने दुपारी मी जिचे पेपर तपासत होते ती ही होती, आणि साहेबांनी मला ते सांगितलंही नव्हतं. मी विचारलं, कधी चुकला नाहीत?

"एकदा चुकली," ती म्हणाली. "त्या दिशी लय खूश झाले."

मी तिला मशीनपुढे उभं केलं, श्वास रोखायला सांगितलं, फोटो काढला आणि पुढचं नाव पुकारायला दार उघडलं. रांगेत शेवटी साहेब शर्ट काढून बंडीवर उभे होते. डाव्या हातात शर्ट, उजव्या हाताची तर्जनी पुढे केलेली, आणि तिच्यावर आडवी कांडी. ती घसरली, त्यांनी ती पोटाशी झेलली आणि पुन्हा बोटावर ठेवली.